गिफ्ट कार्डाचा अनपेक्षित ईमेल खरा की खोटा, हे कसे तपासावे

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस आणि मोठ्या ऑनलाइन सेलचे आठवडे या काळात “तुम्हाला गिफ्ट कार्ड मिळाले आहे” अशा आशयाचे ईमेल भरपूर येतात. त्यांतले काही खरे असतात आणि अडचण नेमकी तिथेच आहे. कंपन्या कर्मचाऱ्यांना सणाची भेट म्हणून गिफ्ट कार्डे देतात, बँका क्रेडिट कार्डावर जमलेल्या गुणांच्या बदल्यात व्हाउचर पाठवतात, परदेशातला भाचा मामाच्या साठीला ऑनलाइन कार्ड धाडतो. आणि यांपैकी बरेचसे ईमेल देणाऱ्याच्या नावाने न येता कार्ड विकणाऱ्या एखाद्या तिसऱ्याच कंपनीच्या पत्त्यावरून येतात. त्यामुळे अनोळखी पत्त्यावरून आलेले सगळेच खोटे असे मानले तर खरी भेट कचऱ्यात जाते आणि नावाजलेल्या कंपनीचे बोधचिन्ह पाहून विश्वास ठेवला तर बँक खाते रिकामे होऊ शकते.

ज्यांनी ईमेल आणि ऑनलाइन खरेदी नुकतीच सुरू केली आहे, त्यांनी एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करावी, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावरच उभ्या आहेत. ईमेल निरखून पाहिल्यावर तो खोटा असल्याचे सिद्ध होऊ शकते. तो खरा असल्याचे मात्र निव्वळ निरखण्यातून कधीच सिद्ध होत नाही. खरेपणाची खात्री ईमेलच्या बाहेर जाऊन, स्वतः निवडलेल्या वाटेने करावी लागते.

चोरांना गिफ्ट कार्डच का आवडते?

गिफ्ट कार्ड म्हणजे अखेर एक कोड असतो. तो ज्याच्या हाती पडला, पैसे त्याचे. बँकेतून बँकेत गेलेल्या रकमेचा माग काढता येतो आणि वेळेत तक्रार झाली तर ती वाटेत गोठवताही येते; कोड मात्र काही मिनिटांत दुसऱ्याच्या खात्यात भरला जातो किंवा कमी किमतीत पुढे विकला जातो, आणि एकदा वापरला गेला की परत मिळवणे जवळजवळ अशक्य असते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे (ग्राहकांचे हित पाहणाऱ्या सरकारी संस्थेकडे) २०२१ च्या पहिल्या नऊ महिन्यांत सुमारे ४०,००० लोकांनी गिफ्ट कार्डांद्वारे झालेल्या फसवणुकीच्या तक्रारी केल्या आणि त्यांतले नुकसान १४.८ कोटी डॉलर होते. तक्रार न करणारे त्याहून वेगळे.

भारतात याला आणखी एक पदर आहे. इथे पुष्कळदा गिफ्ट कार्ड हे केवळ आमिष असते आणि चोराला हवे असते ते तुमचे बँक खाते, डेबिट कार्ड किंवा मोबाइलचा ताबा.

पहिली पायरी: घाई करू नका, कारण कायदाही घाई करत नाही

“चोवीस तासांत कार्ड वापरा, अन्यथा ते रद्द होईल” हे वाक्य अशा ईमेलचा आत्मा असते. विचार करायला वेळ मिळाला तर माणूस शेजाऱ्याला विचारतो, मुलाला फोन करतो, आणि तेच चोराला नको असते.

रिझर्व्ह बँकेने आगाऊ पैसे भरलेल्या कार्डांसाठी आणि वॉलेटसाठी २०२१ मध्ये जे एकत्रित निर्देश काढले, त्यांत अशा साधनांची वैधता किमान एक वर्ष असली पाहिजे असे म्हटले आहे. त्याच निर्देशांनुसार एका गिफ्ट कार्डाची कमाल रक्कम १०,००० रुपये आहे, त्यात पुन्हा पैसे भरता येत नाहीत आणि त्यातून रोख रक्कमही काढता येत नाही. एखाद्या दुकानाने फक्त स्वतःच्या दुकानात चालण्यासाठी काढलेली कार्डे आणि फुकट वाटलेली सवलतीची कूपने या नियमांत बसत नाहीत, त्यामुळे कूपनाची मुदत आठवड्याभराची असू शकते. पण जे स्वतःला अनेक ठिकाणी चालणारे, पैसे भरलेले गिफ्ट कार्ड म्हणवते, पन्नास हजारांचे आहे असे सांगते, “एटीएममधून रोख काढा” असेही सुचवते आणि आज रात्री बारा वाजता संपते, त्याने स्वतःविरुद्धच साक्ष दिलेली असते.

म्हणून ईमेल उघडल्यावर पहिला तास काहीही करू नये. ईमेल उघडून नुसता वाचल्याने सहसा काही बिघडत नाही. बिघडते ते त्यातल्या लिंकवर, जोडलेल्या फाइलवर किंवा फोन क्रमांकावर बोट ठेवल्याने.

दुसरी पायरी: ईमेल नेमका कोणत्या जातीचा आहे, ते ओळखा

अशा ईमेलच्या ढोबळमानाने तीन जाती आहेत आणि प्रत्येकीचा डाव वेगळा आहे. पहिल्या जातीत तुम्हाला कार्ड मिळाल्याचे सांगितले जाते. दुसऱ्या जातीत तुमचा साहेब, मुख्याध्यापक, सोसायटीचा अध्यक्ष किंवा जुना मित्र तुम्हाला कार्ड विकत घ्यायला सांगतो. तिसऱ्या जातीत तुम्ही आधीच एखादे महागडे कार्ड विकत घेतल्याची पावती येते आणि “ही खरेदी तुम्ही केली नसल्यास या क्रमांकावर फोन करा” अशी सूचना असते. पहिल्या जातीबद्दल लोक सावध झाले आहेत. दुसरी आणि तिसरी मात्र आजही चांगल्या शिकलेल्या माणसांना गाठतात, कारण त्यांत फुकटचे काही मिळण्याचा लोभ नसतो. एकीत वरिष्ठाचा शब्द पाळण्याची सवय असते आणि दुसरीत पैसे गेल्याची भीती. पुढच्या चार पायऱ्या मुख्यतः पहिल्या जातीसाठी आहेत. उरलेल्या दोघींचा विचार त्यानंतर स्वतंत्रपणे केला आहे.

तिसरी पायरी: नाव नको, पूर्ण पत्ता वाचा

ईमेलच्या वर ठळक अक्षरांत दिसणारे नाव पाठवणारा स्वतः लिहितो. तिथे कोणीही “अमेझॉन पे” किंवा “फ्लिपकार्ट गिफ्ट विभाग” असे लिहू शकतो. वाचायचा असतो तो त्या नावामागचा पत्ता. मोबाइलवरील जीमेलमध्ये नावाखालच्या “टू मी” या शब्दांवर बोट ठेवले की तो दिसतो. संगणकावर त्याच शब्दांशेजारच्या छोट्या त्रिकोणावर दाबल्यास “मेल्ड बाय” आणि “साइन्ड बाय” अशा आणखी दोन ओळी दिसतात. ईमेल कोणत्या डोमेनवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या नोंदणीकृत नावावरून, निघाला आणि कोणत्या डोमेनने त्यावर डिजिटल सही केली, हे या ओळी सांगतात.

पत्त्यात ॲट या चिन्हाच्या उजवीकडचा भाग महत्त्वाचा असतो. तिथे कंपनीच्या डोमेनऐवजी साधे “जीमेल डॉट कॉम” किंवा “आउटलुक डॉट कॉम” असेल, तर एवढी मोठी कंपनी फुकटच्या पत्त्यावरून भेटी का वाटते आहे, हा प्रश्न पडायला हवा. अक्षरांची हातचलाखीही पाहावी. इंग्रजी लहान लिपीतील आर आणि एन ही अक्षरे शेजारी ठेवली की घाईत वाचणाऱ्याला ती एम वाटतात. ओ या अक्षराच्या जागी शून्य आणि एल या अक्षराच्या जागी एक हा आकडा बसवणे ही तर जुनीच युक्ती आहे.

आता उलट बाजू. पत्ता अस्सल दिसला म्हणून निश्चिंत होऊ नये. चोराने स्वतःचे डोमेन विकत घेतलेले असेल तर त्याच्या ईमेलवरही त्या डोमेनची व्यवस्थित सही असते. सही फक्त एवढेच सांगते की ईमेल त्या डोमेनवरून आला, ते डोमेन सज्जनाचे आहे असे नव्हे. शिवाय काही वेळा खरीखुरी सेवाच वापरली जाते. पेपाल या कंपनीच्या बिल पाठवण्याच्या सोयीतून चोरांनी खोटी बिले पाठवल्याचे प्रकार परदेशात घडले आहेत. त्यांत ईमेल खरोखर पेपालच्याच पत्त्यावरून आलेला असतो, फक्त बिलावरच्या टिपेतला फोन क्रमांक चोराचा असतो.

भाषेच्या चुका शोधण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. माझ्या मते त्याची किंमत आता फारशी उरलेली नाही. आज कोणालाही यंत्राकडून निर्दोष मजकूर लिहून घेता येतो आणि, खरे सांगायचे तर, कित्येक अस्सल कंपन्यांचे मराठी ईमेलच अधिक ओबडधोबड असतात.

चौथी पायरी: लिंक न उघडता वाचा

संगणकावर लिंकवर माउसचा बाण नुसता नेला, दाबला नाही, तर खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात खरा पत्ता दिसतो. मोबाइलवर लिंक दाबून धरली की पत्ता दिसतो, पण आयफोनवर त्याबरोबर त्या पानाची झलकही उघडू शकते. म्हणून शक्य असेल तेव्हा हे काम संगणकावर करावे.

पत्ता कसा वाचायचा, हे एकदा शिकून घेतले की आयुष्यभर उपयोगी पडते. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडून पुढे जी पहिली एकेरी तिरपी रेघ येते, तिथे थांबायचे आणि तिथून उजवीकडून डावीकडे वाचत यायचे. शेवटचे टिंब आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे शब्द यांवरून सहसा मालक कळतो. “को डॉट इन” सारखा जोड शेवट असेल तर त्याच्या डावीकडचा शब्दही वाचायचा. “अमेझॉन डॉट इन” इथे मालक अमेझॉन आहे. पण “अमेझॉन डॉट इन डॉट अमुकतमुक डॉट शॉप” या पत्त्याचा मालक अमुकतमुक आहे, आणि त्याने डावीकडे अमेझॉनचे नाव केवळ सजावटीसाठी लावले आहे. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर पत्त्याचा डावा भागच आधी दिसतो आणि उजवा कापला जातो, हे चोरांना चांगले ठाऊक असते. पत्त्याआधीचे कुलपाचे चिन्ह पाहून समाधान मानू नये. त्याचा अर्थ एवढाच की तुमच्या आणि त्या संकेतस्थळाच्या मधले संभाषण तिसरा कोणी वाचू शकत नाही. संकेतस्थळच चोराचे असेल तर त्या गुप्ततेचा लाभ चोरालाच होतो.

बँकेच्या नावाने भेट आली असेल तर एक जास्तीची खूण आहे. रिझर्व्ह बँकेने भारतातील बँकांसाठी “बँक डॉट इन” हा राखीव शेवट ठरवून दिला आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँकांनी आपली संकेतस्थळे त्यावर न्यावीत असे सांगितले. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो. मात्र पाहताना बँकेचे नाव आणि “बँक” हा शब्द यांच्यामध्ये टिंब आहे ना, हे अवश्य तपासावे. टिंबाशिवाय सलग लिहिलेले “अमुकबँक डॉट इन” हे साधे डोमेन आहे आणि असे डोमेन बँक नसलेल्या माणसालाही विकत घेता येते.

लिंक विचित्र दिसली म्हणजे ईमेल नक्कीच खोटा, असेही मात्र म्हणता येत नाही. किती लोकांनी लिंक दाबली याची मोजणी करण्यासाठी अस्सल कंपन्याही आपल्या लिंक तिसऱ्याच एखाद्या पत्त्यावरून वळवून नेतात. वाचून उलगडा झाला नाही तर तिथेच थांबावे. लिंक दाबून पाहणे हा तपासणीचा मार्ग नाही.

ईमेलमध्ये लिंकऐवजी क्यूआर कोडचे चित्र असेल, तर तोही लिंकच समजावा. जोडलेली फाइल एपीके प्रकारची असेल, म्हणजे अँड्रॉइडवर बसवायचे ॲप असेल, तर पुढे काही तपासण्याची गरजच नाही. गिफ्ट कार्ड मिळवण्यासाठी ईमेलमधून ॲप बसवावे लागत नाही, आणि असे ॲप बहुधा तुमचे एसएमएस वाचण्याची परवानगी मागते, म्हणजे ओटीपी थेट चोराच्या हाती जातो.

पाचवी पायरी: ईमेल काय देतो, यापेक्षा काय मागतो ते पाहा

माझ्या दृष्टीने ही सर्वांत भरवशाची कसोटी आहे. पैसे भरलेल्या कार्डाला तुमच्याकडून काहीच नको असते. कोड असतो, क्वचित त्याच्या जोडीला पिन असतो, आणि तो तुम्ही संबंधित कंपनीच्या तुमच्या खात्यात भरायचा असतो, बस्स. त्यामुळे भेट देणारा ईमेल तुमचा बँक खाते क्रमांक, डेबिट कार्डाच्या मागचे तीन आकडे, ओटीपी, यूपीआय पिन, आधार किंवा पॅन कार्डाचे छायाचित्र अथवा तुमच्या ईमेलचाच पासवर्ड मागत असेल, तर तो कितीही देखणा असला तरी बंद करावा. यूपीआय पिन हा पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. “भेट स्वीकारण्यासाठी पिन टाका” या वाक्यातच चोरी आहे.

थोडे पैसे मागणारे ईमेल अधिक धूर्त असतात. पाच हजारांच्या कार्डासाठी “४९ रुपये हाताळणी शुल्क” भरताना कोणाला फारसा विचार करावासा वाटत नाही, पण चोराला ते ४९ रुपये नको असतात. ते भरताना तुम्ही जी कार्डाची माहिती लिहिता ती हवी असते. काही जण “बक्षिसावरचा कर” आधी भरायला सांगतात आणि त्यासाठी एखाद्या व्यक्तीचा यूपीआय आयडी देतात. कर सरकारी तिजोरीत जमा होतो, कोणाच्या खासगी आयडीवर नाही.

याच कुळातला एक प्रकार म्हणजे प्रश्नमंजूषा किंवा सर्वेक्षणाचे पान. चार सोपे प्रश्न, मग फिरणारे चक्र किंवा उघडायच्या पेट्या, तिसऱ्या प्रयत्नात हमखास लागणारे बक्षीस, खाली “मला आजच मिळाले” असे सांगणारे अभिप्राय आणि शेवटी ही लिंक ओळखीच्या वीस जणांना किंवा पाच गटांना पाठवण्याची अट. टाटा समूहाच्या वर्धापनदिनाच्या नावाने असे पान २०२१ मध्ये पसरले होते आणि समूहाला त्याचा जाहीर इन्कार करावा लागला. भारतीय डाक विभागाच्या नावाने फिरणाऱ्या अशाच सर्वेक्षणांबद्दल २०२२ मध्ये विभागाने लोकांना सावध केले होते. अट पुरी करणारा माणूस नकळत चोराचा वाटाड्या होतो, आणि पुढच्यांना तो संदेश ओळखीच्या माणसाकडून आल्यामुळे खरा वाटतो.

सहावी पायरी: स्वतःच्या वाटेने खात्री करून घ्या

इथपर्यंत ईमेल खोटा ठरला नसेल, तरी तो अजून खरा ठरलेला नाही. आता ईमेल बाजूला ठेवायचा आणि भेट कोणाकडून आली असे त्यात म्हटले आहे, त्याच्याकडे आपल्या पायांनी जायचे.

भेट नोकरीच्या ठिकाणाहून आली असेल तर मनुष्यबळ विभागाला कार्यालयातल्या नेहमीच्या क्रमांकावर विचारावे, किंवा शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला तसा ईमेल आला आहे का ते पाहावे. नातेवाइकाच्या नावाने आली असेल तर त्याला फोन करावा. “तू काही पाठवलेस का?” असे विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही, खरोखर पाठवले असेल तर तोही पोहोचल्याच्या निरोपाची वाट पाहत असतो. बँकेच्या नावाने आली असेल तर बँकेच्या ॲपमध्ये गुणांचा आणि व्हाउचरचा विभाग पाहावा किंवा डेबिट कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर बोलावे. हा क्रमांक गूगलवर शोधू नये, कारण शोधात वर दिसणारे “ग्राहक सेवा” क्रमांक अनेकदा चोरांनीच पेरलेले असतात.

दुकानाच्या किंवा ॲपच्या नावाने भेट आली असेल आणि कोड ईमेलमध्ये स्पष्ट लिहिलेला असेल, तर काम सोपे आहे. लिंक अजिबात न दाबता मोबाइलवर आधीपासून असलेले त्या कंपनीचे ॲप उघडावे, गिफ्ट कार्ड भरण्याचा विभाग शोधावा आणि तिथे कोड स्वतःच्या हाताने टाइप करावा. अमेझॉनच्या ॲपमध्ये ही सोय अमेझॉन पे या विभागात आहे. गूगल प्ले कार्डाचा कोड प्ले स्टोअरमध्ये भरावा लागतो. कोड खरा असेल तर रक्कम जमा होते, खोटा असेल तर ॲप नाकारते, आणि दोन्ही बाबतींत तुमची कोणतीही माहिती बाहेर जात नाही.

कोड लिंकमागे दडलेला असेल तर मात्र पाठवणाऱ्याशी बोलणे झाल्याखेरीज पुढे जाऊ नये. अस्सल कार्ड विकणाऱ्या काही कंपन्याही कोड असाच झाकून पाठवतात, ही खेदाची गोष्ट आहे. त्यांच्यामुळेच लोकांना अनोळखी लिंक दाबण्याची सवय लागते. आणि पाठवणारा कोण, याचा ईमेलमध्ये कुठेच उल्लेख नसेल, तर विचारायला जाण्यासारखी जागाच उरत नाही. मग तो ईमेल निःशंक मनाने काढून टाकावा.

“मी मीटिंगमध्ये आहे, एक काम कर”

दुसऱ्या जातीचा ईमेल सहसा दोन ओळींचा असतो. त्यात लिंक नसते, फाइल नसते, त्यामुळे ईमेलची चाळणीही त्याला अडवत नाही. “कामात आहेस का? एक तातडीचे काम आहे. मी मीटिंगमध्ये असल्याने फोन घेऊ शकत नाही.” उत्तर दिले की पुढचा निरोप येतो: ग्राहकांना भेट द्यायची आहे, पाच हजारांची चार गिफ्ट कार्डे घे आणि कोड मला पाठव, पैसे संध्याकाळी देतो. प्रत्यक्ष दुकानातून घेतलेले कार्ड असेल तर त्याची मागची पट्टी खरवडून छायाचित्र पाठवायला सांगितले जाते.

वरिष्ठाच्या नावाचा असा वापर केवळ ईमेलपुरता किंवा गिफ्ट कार्डापुरता नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये कंपनीचे प्रमुख अदर पूनावाला यांच्या नावाने व्हॉट्सॲपवर पैसे पाठवण्याचे निरोप आले आणि कंपनीचे एक कोटी रुपयांहून अधिक गेले. एवढ्या मोठ्या संस्थेत हे घडू शकते, तर चार कारकुनांच्या कार्यालयात किंवा गृहनिर्माण सोसायटीत ते सहज घडेल. परदेशातील महाराष्ट्र मंडळांनी विशेष सावध राहावे, कारण मंडळाचा अध्यक्ष कोण आणि खजिनदार कोण, हे त्यांच्या संकेतस्थळावर बहुधा नावानिशी लिहिलेले असते, आणि अध्यक्षाच्या नावाने खजिनदाराला ईमेल लिहिण्यासाठी चोराला आणखी काहीच लागत नाही.

मित्राच्या नावाने येणारा प्रकार याहून फसवा असतो, कारण कधी कधी मित्राचे ईमेल खातेच चोरीला गेलेले असते आणि पत्ता अगदी खरा असतो. मजकूर बहुधा असा असतो: भाचीचा वाढदिवस आहे, मी आजारी असल्यामुळे बाहेर पडू शकत नाही, तेवढे गिफ्ट कार्ड घेऊन पाठवशील का? अशा वेळी ईमेलला उत्तर देऊन “हे तूच लिहिले आहेस ना?” असे विचारणे व्यर्थ आहे, कारण उत्तरही चोरच देतो. फोन उचलावा आणि आवाज ऐकावा. फोन लागला नाही तर थांबावे. कार्यालयांनी तर लेखी नियमच करावा की गिफ्ट कार्डाची खरेदी प्रत्यक्ष बोलण्याशिवाय होणार नाही. म्हणजे कनिष्ठ कर्मचाऱ्याला साहेबांना उलट विचारताना भीड वाटणार नाही.

कोणतेही सरकारी कार्यालय, पोलीस ठाणे, वीज कंपनी किंवा बँक दंड, कर वा थकबाकी गिफ्ट कार्डाच्या कोडने घेत नाही. तसे मागणारा चोर असतो, आणि या वाक्याला अपवाद नाही.

न केलेल्या खरेदीची पावती

तिसऱ्या जातीतल्या ईमेलमध्ये “आपण ९,९९९ रुपयांचे गिफ्ट कार्ड खरेदी केल्याबद्दल धन्यवाद” असे लिहिलेले असते आणि खाली रद्द करण्यासाठीचा फोन क्रमांक ठळक असतो. त्या क्रमांकावर अतिशय नम्र माणूस बोलतो, पैसे परत करण्यासाठी मोबाइलवर किंवा संगणकावर एनीडेस्क, टीमव्ह्यूअर यांसारखे ॲप बसवायला सांगतो आणि तुमचा पडदा त्याला दिसू लागतो. ही ॲप्स मुळात दुरून संगणक दुरुस्त करण्यासाठीची आहेत आणि त्यांत स्वतःहून काही वाईट नाही. पण त्यांच्या गैरवापराबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते.

इथला उपाय अगदी साधा आहे. फोन न करता आपले बँक खाते आणि संबंधित खरेदीचे ॲप उघडावे. पैसे कापले गेलेले नसतील आणि ऑर्डरच्या यादीत ती खरेदी नसेल, तर ती पावती खोटी आहे. पैसे खरोखर कापले गेले असतील, तर बोलायचे ते बँकेशी.

चूक होऊन गेली असेल तर

नुसती लिंक उघडली असेल, पण काही भरले नसेल आणि कोणतीही फाइल उतरवली नसेल, तर पान बंद करावे आणि पुढचे काही दिवस खात्यावर लक्ष ठेवावे. पासवर्ड लिहिला गेला असेल तर तो लगेच, शक्य असल्यास दुसऱ्या उपकरणावरून, बदलावा आणि तोच पासवर्ड जिथे जिथे वापरला असेल तिथेही बदलावा. ईमेलचा पासवर्ड सर्वांत आधी, कारण बाकीच्या खात्यांच्या किल्ल्या तिथेच येतात. अनोळखी ॲप बसवले असेल तर आधी मोबाइलचे इंटरनेट बंद करावे, मग ॲप काढावे, आणि तोवर बँकेचे व्यवहार त्या मोबाइलवरून करू नयेत.

पैसे गेले असतील किंवा कार्डाची माहिती दिली गेली असेल, तर मिनिटे मोजावीत. १९३० हा केंद्र सरकारचा सायबर आर्थिक फसवणुकीसाठीचा मदत क्रमांक आहे. तिथे लवकर कळवले तर पैसे ज्या खात्यात गेले असतील तिथे ते गोठवण्याचा प्रयत्न होतो. त्याबरोबरच बँकेला फोन करून कार्ड आणि यूपीआय बंद करावे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने स्वतः ओटीपी किंवा पिन दिल्यामुळे झालेले नुकसान बँकेला कळवेपर्यंत ग्राहकाचे असते, पण कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे असते; म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवावा. गिफ्ट कार्डाचा कोड चोराला दिला असेल, तर कार्ड काढणाऱ्या कंपनीलाही ताबडतोब सांगावे. कोड अजून वापरला गेला नसेल तर तो थांबवला जाण्याची थोडी तरी शक्यता असते, आणि त्यासाठी खरेदीची पावती लागते.

लेखी तक्रार “सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन” या राष्ट्रीय पोर्टलवर करता येते. तिथे व्यवहाराचा क्रमांक, तारीख, रक्कम आणि ईमेलचे छायाचित्र मागितले जाते. दुसऱ्याचे सोंग घेऊन संगणकाद्वारे फसवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ड कलमाखाली तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा आणि एक लाख रुपयांपर्यंतच्या दंडाचा गुन्हा आहे, त्यामुळे स्थानिक पोलिसांनी ही “किरकोळ बाब” म्हणून टाळली तर कलमाचा उल्लेख करावा. अमेरिकेत राहणाऱ्यांनी “रिपोर्टफ्रॉड डॉट एफटीसी डॉट गव्ह” इथे तक्रार नोंदवावी. ब्रिटनमध्ये संशयास्पद ईमेल “रिपोर्ट ॲट फिशिंग डॉट गव्ह डॉट यूके” या पत्त्यावर जसाच्या तसा पुढे पाठवता येतो.

नुकसान झालेले नसेल तर जीमेलमधील तीन टिंबांच्या यादीतून “रिपोर्ट फिशिंग” (फसव्या ईमेलची तक्रार) निवडावे आणि ईमेल काढून टाकावा. नुकसान झाले असेल तर तक्रार नोंदवून होईपर्यंत तो काढू नये. तोच पुरावा आहे. तक्रारीनंतर काही दिवसांनी “तुमचे पैसे सापडले आहेत, प्रक्रिया शुल्क भरा” असा फोन किंवा ईमेल येऊ शकतो, कारण फसलेल्यांच्या याद्या चोरांमध्ये विकल्या जातात. गेलेले पैसे परत मिळवून देण्यासाठी १९३० वरचे कर्मचारी, पोलीस किंवा बँक तुमच्याकडून शुल्क घेत नाहीत, म्हणून या दुसऱ्या ईमेललाही पहिल्या पायरीपासूनच तपासावे.